गोडसे भटजींचा प्रवास: वही आणि पेन्सिल जवळ ठेवून

घरावर कर्ज, भिक्षुकीचं उत्पन्न गावापुरतं, आणि अशात बातमी आली की ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातल्या बायजाबाई मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार, सात-आठ लाख रुपये खर्चणार. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे आणि त्यांचे काका रामभट १८५७ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी घराबाहेर पडले ते एवढ्यासाठी. दक्षिणा मिळवायची, कर्ज फेडायचं, जमलं तर काशी करून यायचं. वाटेत बंड आडवं आलं.

उलथापालथीत सापडलेल्या प्रवाशाची कादंबरी कुणी मराठीत मागितली की मी या गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ हातात देतो. ती कादंबरी नाही, आठवणींचं पुस्तक आहे, हे सांगूनच देतो. पण कादंबरीत जे हवं असतं ते सगळं इथे आहे: गरजेपोटी निघालेला माणूस, त्याला न कळणारं राजकारण, आणि ज्याची बाजू घेण्याची त्याची तयारी नव्हती असं युद्ध. लोक हे पुस्तक झाशीच्या राणीसाठी उघडतात, विहिरीचा प्रसंग वाचतात आणि मिटतात. नीट वाचायचं तर थोडी तयारी करावी लागते.

पहिला प्रश्न आवृत्तीचा. भटजींनी हे लिहिलं १८८३ च्या सुमारास, म्हणजे घटनांनंतर पाव शतकाने, आणि तेही इतिहासकार चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहावरून. वैद्यांनी ते १९०७ मध्ये छापलं. छापताना भाषा सावरली, काही मजकूर गाळला, काही बदलला. १९०७ साल कसलं होतं ते लक्षात घ्या. बंडाला पन्नास वर्षं होत होती, सरकार बिथरलेलं होतं, आणि दोनच वर्षांनी याच विषयावरच्या सावरकरांच्या पुस्तकावर बंदी आली. वैद्यांच्या सावधगिरीला कारण होतं. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ संहिता छापली.

म्हणून आधी वैद्यांची प्रत सलग वाचून काढावी, कारण ती वाहती आहे. मग पोतदारांची प्रत शेजारी ठेवून फक्त चार जागा ताडून बघाव्यात: इंदूरजवळच्या महूच्या छावणीपाशी झालेली शिपायांची भेट, झाशीतला राणीचा दिनक्रम, झाशीची लूट आणि काल्पीच्या वाटेवरची विहीर. चारही ठिकाणी शब्द कुठे मऊ झालेत ते दिसतं. उलट क्रमाने वाचू नका. मूळ संहितेची वाक्यं लांब, विरामचिन्हांशिवायची, जुन्या भिक्षुकी वळणाची आहेत. तिथून सुरुवात करणारे बरेच जण सातपुड्याच्या अलीकडेच गळतात. एक चूक फार आढळते. वैद्यांच्या प्रतीतलं वाक्य अवतरणात घालून त्याखाली ‘गोडसे भटजींच्या शब्दांत’ असं लिहिलेलं असतं. ते पुष्कळदा भटजींचे शब्द नसतात.

आता वही. चार रकाने आखा: ठिकाण, तिथी, जमा-खर्च, आणि ‘कुणाकडून कळलं’. चौथा सगळ्यांत महत्त्वाचा. त्यात तीनच खुणा पुरतात: पाहिलं, ऐकलं, मागाहून जुळवलं. दर दोन-तीन पानांना एक नोंद होते. पुस्तक संपेपर्यंत तुमच्या हातात जे तयार होतं ते पुष्कळ प्रस्तावनांपेक्षा उपयोगी असतं.

तिथीच्या रकान्यात बरेच जण घसरतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत खरं. जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे. नेमकी तारीख हवी असेल तर एखादी पक्की खूण धरून मोजावं. १५ मार्च १८५८ ला सूर्यग्रहण होतं, म्हणजे त्या दिवशी अमावास्या. म्हणून १६ मार्चला शके १७८० चा पाडवा. इंग्रज सेनापती सर ह्यू रोझची फौज झाशीसमोर आली २१ मार्चला, म्हणजे चैत्र शुद्ध षष्ठीच्या आसपास. भटजी राजवाड्यातल्या चैत्रातल्या मोठ्या हळदीकुंकवाचं वर्णन करतात ते याच दिवसांमधलं. तारखा शेजारी मांडल्या की कळतं, एकीकडे गौर बसलेली आणि दुसरीकडे तोफा जवळ येताहेत. पुस्तकात हे दोन परिच्छेद वेगळे आहेत. वहीत ते एका ओळीत येतात.

राणी झाशीतून निसटली ४ एप्रिलच्या रात्री. हिशेबाने ती चैत्र वद्य पंचमी-षष्ठीच्या आसपासची रात्र. त्या तिथीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, तोवर काळोख. पळून जायला एवढा काळोख पुरतो. उत्तर हिंदुस्थानी लेखक हीच रात्र वैशाखात टाकतात, आणि त्यात कुणाची चूक नाही. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला, त्यामुळे वद्य पक्षाला त्यांच्याकडे पुढच्या महिन्याचं नाव असतं. शुद्ध पक्षात दोघांचा मेळ बसतो. शिवाय १८५८ च्या उन्हाळ्यात अधिक महिना होता. तो विसरला तर ग्वाल्हेरची लढाई आषाढात जाऊन पडते. राणी १७-१८ जूनला पडली तेव्हा निज ज्येष्ठाचा पहिलाच आठवडा चालू होता.

अंतरं कोसांत आहेत. कोस म्हणजे ढोबळ दोन मैल धरा, पण प्रांतोप्रांती तो लांबतो-आखडतो, म्हणून नकाशावर पट्टी लावून भटजींना खोटं पाडायला जाऊ नका. रेल्वे १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली होती, पण बोरघाट रुळांनी चढायला १८६३ उजाडलं. काका-पुतण्यांचा प्रवास त्यामुळे जुन्या चालीचा: पायी, सोबत धरून, देऊळ-धर्मशाळा बघून मुक्काम. सोबत धरणं ही चैन नव्हती, एकट्यादुकट्याला लुटत. मात्र सोबतीमुळेच अफवाही मिळायच्या. त्या काळात तारायंत्र होतं, पण ते सरकारचं. भटजींना मीरत-दिल्लीची बातमी कळते ती वाटेवरच्या माणसांकडून, आणि माणूस पोचेपर्यंत ती बातमी किती फुगते ते पुस्तकात जागोजागी दिसतं.

पैशाचा रकाना मात्र जपून भरा, कारण या पुस्तकाचा कणा तोच आहे. भटजी राजकारणात चुकतात, लढाईच्या डावपेचांत चुकतात, साहेबांची नावं तर हवी तशी लिहितात. पण कुठे किती दक्षिणा मिळाली, कुणाच्या दारात काय दान निघालं, कुठे भोजन कसं होतं, हे सांगताना त्यांचा हात थरथरत नाही. वाचताना एकच पथ्य पाळायचं: ‘रुपये’ शब्द आला की कुठले रुपये, हे विचारायचं. कंपनीचा १८३५ नंतरचा कलदार रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. शेजारी संस्थानी रुपये चालत, आणि ते बदलून घेताना बट्टा, म्हणजे कपात, सोसावा लागे. म्हणून दोन गावांतल्या दक्षिणेची तुलना नुसत्या आकड्यांवरून करू नये. आजच्या रुपयांत रूपांतर करायच्या भानगडीत तर पडूच नका. त्यापेक्षा त्याच पुस्तकातला एखादा खर्च शोधा आणि दक्षिणा त्याच्याशी ताडा.

महूजवळचा प्रसंग चौथ्या रकान्यासाठी उत्तम धडा आहे. शिपाई या दोघा ब्राह्मणांना सांगतात की लवकरच भडका उडणार, पुढे जाऊ नका. कारण काय, तर कलकत्त्यात सभा भरवून सरकारने ८४ कलमं काढली आणि सगळ्यांचा धर्म बुडवायचं ठरवलं. भटजी हे तसंच्या तसं देतात, जणू समोर कागद ठेवला होता. अशी ८४ कलमं नव्हती. पण हसून सोडूनही देऊ नका. खरोखरचे कायदे शेजारी मांडा. धर्म बदलला तरी वारसाहक्क जात नाही, हा १८५० चा कायदा. विधवाविवाहाचा १८५६ चा. नव्याने भरती होणाऱ्या शिपायाला समुद्रापलीकडेही जावं लागेल, हा त्याच वर्षीचा नियम. आणि एन्फील्ड बंदुकीचं चरबी लावलेलं काडतूस. चार खऱ्या गोष्टी छावणीतून फिरता फिरता चौऱ्याऐंशी झाल्या. बंड का पेटलं याचा पुरावा म्हणून हा उतारा वापरला तर फसतो. बंड कसं पसरलं याचा पुरावा म्हणून वापरला तर एवढा चांगला दुसरा सापडणं कठीण. समासात एवढं लिहून ठेवा: महूची पलटण प्रत्यक्ष उठली १ जुलै १८५७ ला.

आणि मग भटजी परत फिरत नाहीत. हा निर्णय मला पुस्तकातला सर्वांत खरा वाटतो. शौर्य म्हणून ते पुढे जात नाहीत. घरी रिकाम्या हाताने जायचं तर निघायचं कशाला, हा त्यांचा हिशेब. नवा लेखक अशा जागी नायकाला कुतूहल देतो किंवा देशप्रेम देतो, आणि तिथेच पात्र खोटं पडतं. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे तो माणूस गोळीबाराच्या दिशेनेही चालत जातो.

माळव्यात उज्जैन-धारकडे फिरून, ग्वाल्हेर करून भटजी झाशीला येतात. तिथे केशवभट मांडवगण्यांच्या आधाराने त्यांचं बस्तान बसतं. दरबारापर्यंत पोच मिळते, आणि पुस्तकाचा पोत बदलतो. आत्तापर्यंत ‘ऐकलं’च्या खुणा जास्त होत्या, इथे ‘पाहिलं’ सुरू होतं. राणीची पहाटेची कसरत, घोडा, स्नान-पूजा, दुपारचा दरबार, कधी पुरुषी पोशाखात तर कधी स्त्रीवेशात येणं, महालक्ष्मीच्या दर्शनाला निघणारी स्वारी. या वर्णनांत विशेषणं कमी आणि वस्तू जास्त आहेत: पायजमा, बंडी, डोक्यावरची टोपी आणि फेटा, कमरेचा दुपट्टा, तलवार. पुढच्या कित्येक चित्रकारांनी, नाटककारांनी इथूनच उचल केली. पण याच प्रकरणांत गंगाधररावांच्या काळातल्या गोष्टीही येतात, आणि त्या भटजींनी पाहिलेल्या असणं शक्य नाही. गंगाधरराव नोव्हेंबर १८५३ मध्ये वारले. जून १८५७ च्या झाशीतल्या इंग्रजांच्या कत्तलीचंही तसंच. ती घडली तेव्हा भटजी तिथे नव्हते. शहरात त्या गोष्टी ज्या रूपात सांगितल्या जात होत्या, त्या रूपात त्या आल्यात. पेन्सिल इथे हातातून सोडू नका, कारण आवाज तोच राहतो आणि साक्ष मात्र बदलते.

वेढ्याचं वर्णन वाचताना उलट काळजी घ्या. भटजी शहरात आहेत, तटाच्या आत. त्यांना गोळे पडताना दिसतात, ओरडा ऐकू येतो, पाण्याची आणि आगीची धावपळ दिसते. तात्या टोपे मदतीला आले याची खूण म्हणून ३१ मार्चच्या संध्याकाळी मोठा जाळ पेटवला गेला. शहराला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी बेतवा नदीवर तात्यांची वीसेक हजारांची फौज रोझच्या जेमतेम दीड हजारांपुढे मोडली. का मोडली, हे शहरातल्या माणसाला कळणं शक्यच नव्हतं, म्हणून भटजींकडे त्याची कारणं मागू नयेत. त्यासाठी इंग्रजांची लष्करी कागदपत्रं आहेत. त्या कागदपत्रांत न सापडणारी गोष्ट भटजींकडे आहे: आशा लागलेलं शहर एका दिवसात कसं निपचित पडलं.

३ एप्रिलला तट ओलांडून फौज आत आली. पुढची पानं सावकाश वाचा. कत्तल, जाळपोळ, लपून बसलेली माणसं, घरात शिरलेले गोरे शिपाई, आणि मग लूट. लुटीला एक क्रम होता, आणि भटजी तो क्रम सांगतात. आधी सोनं-रुपं आणि नाणं. मग तांब्या-पितळेची भांडी. मग कपडालत्ता, धान्य, आणि शेवटी उरलंसुरलं. कोणत्या वस्तूवर कोणाचा हक्क हेही ठरलेलं: गोऱ्यांनी पहिला हात मारायचा, मागून मद्रास-हैदराबादकडच्या पलटणींनी. या दोन्हीकडच्या तुकड्या रोझच्या फौजेत होत्या हे इंग्रजी नोंदींतूनही पक्कं आहे. लुटीला दिवस वाटून दिले होते की नाही यावर वाद घालता येईल, पण क्रम पटतो. हलकं आणि मोलाचं आधी जातं, जड आणि स्वस्त मागाहून. इथे यजमानाघरची भांडी मोजणारी भिक्षुकाची नजर कामाला आली आहे. सेनापतीच्या आठवणींत पितळेची परात येत नाही.

राजवाड्यातल्या पुस्तकसंग्रहाचीही धूळधाण झाली. पोथ्यांचे रुमाल ओढून काढले, पानं वाऱ्यावर गेली. भटजींचा गळा इथे दाटतो, आणि वैदिकाचा दाटणारच. ज्या समाजात ग्रंथ हाताने नकलून ठेवत, तिथे एका संग्रहाचा नाश म्हणजे काही ग्रंथांची ती शेवटचीच प्रत गेली असण्याची शक्यता.

आता ती विहीर. काल्पीच्या वाटेवर, थकलेली राणी, तहान लागलेली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात. ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही काढू नका. स्वतः काढून मडक्यातून पिते. मग ते प्रसिद्ध बोलणं: मला अर्धा शेर तांदूळ पुरले असते, विधवेने हे करायची गरज नव्हती, पण धर्माचा अभिमान धरून यात पडले आणि ईश्वराने यश दिलं नाही. हे शब्द तिने असेच्या असे उच्चारले असं मानू नका. ऐकल्यावर पंचवीस-सव्वीस वर्षांनी ते कागदावर आले, आणि छापताना आणखी एका हातातून गेले. तरी ‘अर्धा शेर’ मला खरा वाटतो. ८० तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, त्याचा अर्धा म्हणजे एका माणसाचा दिवसाचा शिधा. मुंबईचा वजनी शेर याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतका असे, तो धरला तर वाक्य आणखी कोरडं होतं. कोणताही शेर धरा, राज्य गमावलेली बाई आपला खर्च स्वयंपाकघराच्या मापात मांडते. भिक्षुकाला तेवढंच माप लक्षात राहिलं असेल, हीही शक्यता आहे. दोन्ही शक्यता वहीत लिहाव्यात.

कादंबरीकारांनी या प्रसंगाचं वाटोळं करण्याची एक ठरलेली रीत आहे. ते विहिरीपाशी वारा सोडतात, सूर्य उगवतात, भटजींच्या डोळ्यांत पाणी आणतात. मूळ पानावर माणसं दमलेली आहेत आणि पाणी शेंदायचं आहे. शिवाय राणीचा नकारही जातीच्या मर्यादेतूनच येतो; तो झाकून नुसता थोर विनय दाखवला की प्रसंग गोड होतो आणि काळ हरवतो. भटजी त्यांच्या काळाचे आणि जातीचे पक्के आहेत. सोवळ्याची, पंक्तीची, कुणाच्या हातचं चालतं याची चिंता ते प्राण वाचवतानाही करतात. ही चिंता गाळलेली संक्षिप्त रूपं वाचण्यापेक्षा न वाचलेलं बरं.

झाशीनंतर पुस्तक सैल होतं. चित्रकूट, ब्रह्मावर्त, लखनौ, अयोध्या, काशी अशी तीर्थयात्रा पुन्हा वर येते, मधूनमधून नागवणं आणि संशयावरून अडवणं चालूच. लखनौ-कानपूरच्या हकिगतींत ‘ऐकलं’ची खूण पानोपानी लागेल. घाईत असाल तर हा भाग भरभर वाचा, पण जमा-खर्चाचा रकाना रिकामा सोडू नका. दक्षिणा मिळते, लुटली जाते, पुन्हा मिळते, पुन्हा जाते. यज्ञाच्या सात-आठ लाखांतला वाटा मिळवायला निघालेल्या माणसाची ही बेरीज-वजाबाकी एका उभ्या ओळीत दिसली की सत्तांतर म्हणजे काय ते कळतं. यजमान संपला की त्याच्या आश्रयाने जगणारा सबंध वर्ग रस्त्यावर येतो.

ज्यांना मराठीतून झेपणार नाही अशा नातवंडांसाठी अमृतलाल नागरांचा हिंदी अनुवाद आहे, इंग्रजीत प्रिया आडारकर आणि शांता गोखले यांचा. अनुवाद देताना तिथींचा तक्ता सोबत द्या, नाहीतर चैत्र-वैशाखाचा घोळ पुन्हा पहिल्यापासून.

वहीच्या शेवटच्या पानावर काशी ते वरसई ही मजल येते. आजच्या रस्त्याने साधारण दीड हजार किलोमीटर. तेवढं अंतर गंगाजलाची कावड घेऊन, आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घालायचं म्हणून. जमेच्या बाजूला तेवढीच नोंद राहते. कर्जाची ओळ तशीच.